चक्कर एकटी आली की जोडीनं? मेंदूच्या देठाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात पॅरालिसिसवर लिहिलं होतं, त्यानंतर पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज इतके आले की वाचता वाचता चष्म्याचा नंबर वाढला असेल. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त जणांच्या रिपोर्टमध्ये एकच शब्द, ब्रेनस्टेम. कुणी त्याला ब्रेनसिस्टीम लिहिलंय, कुणी बेनस्टीम, एकानं तर 'मेंदूचं स्टेम सेल' असं लिहून पाठवलंय (ते वेगळं, त्याचा इथं काही संबंध नाही). म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याच एका विषयाचे घेतलेत. नावं काढलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न: डॉक्टर नमस्कार. माझ्या मिस्टरांना दोन महिन्यांपूर्वी पहाटे गरगरून उलट्या सुरू झाल्या. आधी पित्त म्हणाले, मग एमआरआय केला तर ब्रेनस्टेमला इन्फार्क्ट (रक्त न पोचल्यानं मेलेला भाग) आला. हातापायात ताकद आहे, पण आवाज घोगरा झालाय, पाणी पिताना ठसका लागतो, डाव्या गालाला बधिर वाटतं आणि उजव्या अंगाला गरम गार कळत नाही. परवा आंघोळीला बसले आणि उजव्या पायावर बंबातलं कढत पाणी घेतलं, फोड आले तेव्हा कळलं. लोक म्हणतात पॅरालिसिस आहे तर हातपाय कसे चालतात? आणि तोंड डावं नि अंग उजवं असं कसं? (एक ताई, इचलकरंजी)

ताई, तुमचं पत्र मी शिकाऊ डॉक्टरांना वाचून दाखवलं. पुस्तकात पानभर लिहिलेलं तुम्ही सात ओळीत लिहिलंय.

आधी जागा समजून घ्या. फ्लॉवरचा गड्डा डोळ्यासमोर आणा. वरचा पांढरा फुललेला भाग म्हणजे मोठा मेंदू, आणि खाली जो देठ असतो तो ब्रेनस्टेम. माणसाचा हा देठ अंगठ्याएवढा जाड आणि ७-८ सेंटिमीटर लांब, बस्स. वरचा तुकडा मिडब्रेन, मधला फुगीर पॉन्स, खालचा मेड्युला, आणि तिथनं पुढं पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू सुरू. एवढ्याशा जागेतनं हातापायाला जाणाऱ्या सगळ्या वायरी खाली जातात, अंगाची खबर आणणाऱ्या सगळ्या वायरी वर येतात, डोकं-चेहरा-घशाच्या नसांच्या १२ जोड्यांपैकी १० इथनंच निघतात, आणि वर श्वास, बीपी, गिळणं, उलटी, जागं राहणं याचे कंट्रोल पण इथंच.

आपल्याला हे कळायला पुस्तक लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूरच्या शिरोलीजवळ हायवेवर पुराचं पाणी आलं तेव्हा काय झालं आठवा. पाणी होतं तो रस्त्याचा पट्टा किती, थोडासाच, पण दूध अडकलं, पेट्रोल अडकलं, भाजी अडकली, पेशंट अडकले. तेच पाणी कुठंतरी शेताडीत पसरलं असतं तर एका गावाला त्रास झाला असता. मोठ्या मेंदूत मटाराएवढी जागा गेली तर कधी कधी माणसाला पत्ताही लागत नाही, देठात तेवढीच गेली तर एकदम पाच-सहा गोष्टी बंद पडतात.

तुमच्या मिस्टरांचा मेड्युलाचा डावा कडेचा भाग गेलाय असं लक्षणांवरून दिसतंय. मानेतून मागच्या बाजूनं वर जाणारी व्हर्टिब्रल नावाची रक्तवाहिनी, किंवा तिची फांदी, बंद पडली की हे होतं. आडॉल्फ वॉलेनबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८९५ साली याचं नीट वर्णन केलं म्हणून त्याच्याच नावानं ओळखतात, रिपोर्टवर वॉलेनबर्ग दिसलं तर दचकू नका. ताकदीच्या वायरी देठाच्या पुढच्या बाजूनं जातात, त्या वाचल्या, म्हणून हातपाय चालतात. आणि डावं-उजवं कोडं असं: अंगाच्या दुखण्याच्या आणि गरम-गारच्या वायरी खाली कण्यातच बाजू बदलून वर येतात, पण चेहऱ्याच्या त्याच वायरी त्या ठिकाणी अजून बाजू बदललेल्या नसतात. त्यामुळं डावीकडं एक घाव बसला की चेहरा डावा आणि अंग उजवं. एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला अंग असं कुणी सांगितलं की आम्ही बाकी काही विचारायच्या आधी देठाकडं बघतो.

आता बंबाचं. स्पर्श कळतोय, गरम कळत नाही, हीच त्यातली फसवणूक आहे, माणसाला वाटतं आपला पाय शाबूत आहे. पाणी यापुढं तुम्ही बघून द्या किंवा त्यांनी डाव्या हातानं बघावं, उजव्या नाही. चहाचा पेला, इस्त्री, मोटरसायकलचा सायलेन्सर, गुऱ्हाळावर गेले तर काहिलीची कड, हे सगळं त्यांच्या उजव्या बाजूपासून लांब ठेवायचं. शुगर असेल तर पायाचे ते फोड अजिबात अंगावर काढू नका, दाखवून घ्या.

ठसक्याकडं मात्र मी जास्त गंभीरपणे बघतो, कारण पाणी फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो आणि या आजारात माणूस बहुतेक त्यानंच हातचा जातो. आपल्याकडं पेशंटला आधी पाणी पाजायची घाई असते, पण घसा कमजोर असताना सगळ्यात अवघड पाणीच असतं, पातळ असल्यामुळं ते घशाच्या आधी पळतं. घट्ट केलेली पेज, मऊ भात-वरण कालवून, त्या मानानं सोपं जातं. पण किती घट्ट, मान कुठं वळवून गिळायचं, हे स्पीच थेरपिस्टकडनं एकदा तपासून शिकून घ्या (त्यांचं काम फक्त बोलणं शिकवायचं नाही, गिळणं पण तेच शिकवतात, हे पुष्कळांना माहीत नसतं). झोपून काहीही भरवायचं नाही. बहुतेकांचं गिळणं काही आठवडे ते काही महिन्यांत बरंच सुधारतं, तोवर नाकातनं नळी ठेवावी लागली तरी ती हार नव्हे. उजव्या अंगात नंतर आग आग होणं, मुंग्या येणं सुरू झालं तर त्याला वेगळी औषधं आहेत, नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या खात बसू नका.

प्रश्न: माझी आई ६४ वर्षांची. कूस बदलली की घर फिरतं. मानेचा मणका घासलाय म्हणून पट्टा दिला, सहा महिने पट्टा घालतेय, चक्कर तशीच. सिटी स्कॅन नॉर्मल. आता तुमचं पॅरालिसिसवरचं वाचून ती म्हणते मला पण मेंदूचाच झटका येणार. (एक वाचक, कागल)

पट्टा काढा आधी.

मणक्याची चक्कर हे आपल्याकडचं लई लाडकं निदान आहे. साठीनंतर कुणाच्याही मानेचा एक्सरे काढा, मणका घासलेलाच दिसणार, माझा पण दिसेल, म्हणून चक्कर त्यामुळंच आली असं होत नाही.

कूस बदलताना, वर माळ्यावर बघताना, उठताना पडताना गरगरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, मध्ये माणूस ठणठणीत, ही बहुतेक वेळा कानातली चक्कर असते. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक खडे असतात ते जागा सोडून नळीत जातात आणि डोकं हललं की घरंगळतात. त्याला गोळी नाही, डोकं ठराविक पद्धतीनं फिरवून खडे परत जागेवर आणायचे, इप्ली म्हणतात त्याला, पाच मिनिटांचं काम, कानाचे डॉक्टर किंवा माहीतगार फिजिओथेरपिस्ट करून देतात. सहा महिने पट्टा घातलेल्या तुमच्या आईला हे ऐकून राग येईल, येऊ दे.

देठाची चक्कर वेगळी. ती सहसा जोडीनं येते. एकाचे दोन दिसणं, बोबडं बोलणं, गिळताना ठसका, तोंडाची एक बाजू बधिर, हात नेमका जागेवर न जाणं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे माणसाला आधाराशिवाय उभंच राहता न येणं. कानाच्या चक्करीत माणूस भिंतीला धरून का होईना संडासपर्यंत जातो, देठाच्या किंवा त्याच्या मागच्या लहान मेंदूच्या चक्करीत बसवलं तरी एका बाजूला कलंडतो. म्हणून मी घरच्यांना एकच विचारतो, चक्करीच्या जोडीला कोण आलंय?

हा विचारायचा धडा मला फुकट मिळालेला नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एक भाजीवाले काका आले होते, पन्नाशीचे, तंबाखू भरपूर, सकाळपासून सलग गरगरतंय आणि उलट्या. खाटेवर तपासलं, बीपी बघितलं, इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. चालवून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा उचलून घेऊन आला तेव्हा बोलणं गेलेलं. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात चक्करवाला पेशंट चालून दाखवल्याशिवाय बाहेर जात नाही, रांग कितीही असो.

आणि एक अडचण खरी आहे, ती लपवत नाही. कधी कधी देठाचा झटकासुद्धा पहिले काही तास नुसती चक्कर म्हणूनच येतो. त्यामुळं बीपी, शुगर, तंबाखू, हृदयाचा त्रास यातलं काही असलेल्या माणसाला अचानक सुरू झालेली चक्कर डोकं न हलवताही सलग तासभर राहिली तर पित्त म्हणून लिंबू-सोडा देत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये त्यानंतरही, २४ तासांपर्यंत, तार घालून गुठळी ओढून काढता येते. घड्याळ मात्र दवाखान्यात पोचल्यापासून नाही, लक्षण सुरू झाल्यापासून मोजतात.

सिटी नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल, हे पण डोक्यातनं काढा. सिटी रक्तस्राव छान दाखवतो, पण देठाच्या भोवती कवटीचं जाड हाड आहे, त्याच्या सावलीत ताजा इन्फार्क्ट दिसतच नाही पुष्कळदा. तिथं एमआरआय लागतो, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत तोही क्वचित फसतो, तेव्हा पेशंट काय सांगतो आणि डोळे कसे हलतात यावरच ठरवायला लागतं. तुमच्या आईच्या बाबतीत यातलं काहीच दिसत नाही. खडे बसवून घ्या.

प्रश्न: मी २६ वर्षांचा, तालमीत जातो. आमच्या इथं दाढी-कटिंग झाली की मालिश करून मान दोन्हीकडं कडाक कडाक मोडून देतात, लय मोकळं वाटतं. मित्र म्हणतो त्यानं पॅरालिसिस होतो. खरं काय? (एक पैलवान, गंगावेश)

भावा, मित्र बरोबर आहे, फक्त रोज होत नाही एवढंच.

मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूला भोकं असतात, त्यातनं मघाशी सांगितलेली व्हर्टिब्रल रक्तवाहिनी वर चढते आणि कवटीत शिरायच्या आधी सगळ्यात वरच्या मणक्यावर वळसा घेते. मान झटक्यानं पिरगाळली की नेमक्या त्या वळणाला ताण बसतो, आतलं अस्तर फाटू शकतं, तिथं रक्त साकळतं आणि ती गुठळी वर देठात जाऊन बसते. झटका लगेच येतो असं नाही, काही तासांनी, कधी काही दिवसांनी येतो, म्हणून सलूनचा आणि पॅरालिसिसचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. पंचेचाळिशीच्या आतल्या, बीपी-शुगर नसलेल्या माणसाला झटका आला तर आम्ही हे कारण आवर्जून शोधतो. पार्लरमध्ये केस धुवायला मान मागं बेसिनवर टाकतात, त्यातनंही असं झालेलं आहे, १९९३ साली एका डॉक्टरनं असे पेशंट छापले तेव्हा 'ब्यूटी पार्लर स्ट्रोक' असं नावच पडलं.

मालिश करून घे की, खांद्याला कर, पाठीला कर. मान मोडू द्यायची नाही. आणि कुस्ती सोड असं मी सांगणार नाही, खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या गावात असं लिहिलं तर दवाखान्याच्या काचा राहायच्या नाहीत. पण मानेवर डाव बसला आणि त्यानंतर मानेच्या मागं एकाच बाजूला नवीनच, कधी नव्हे असं दुखायला लागलं आणि जोडीला गरगरणं, पापणी खाली येणं, ठसका, यातलं काही आलं तर वस्तादांना मान बघायला सांगू नको, एमआरआयवाल्या दवाखान्यात जा.

प्रश्न: बहिणीला (वय ३१) नऊ दिवस उचकी आणि उलट्या. दुर्बीण घालून पोट बघितलं, काही नाही. आजी म्हणते कोणतरी आठवण काढतंय. (हातकणंगले)

नऊ दिवस सलग आठवण काढणारा माणूस भेटला तर मला पण भेटवा.

उचकी ४८ तासांच्या वर गेली की ती आजीच्या हातातनं डॉक्टरच्या हातात गेली. बहुतेक वेळा कारण पोटातली ॲसिडिटी, किडनी, रक्तातलं सोडियम, नाहीतर एखादं औषध, असंच काहीतरी निघतं. पण मेड्युलाच्या मागच्या अंगाला उलटीचं केंद्र आहे आणि त्याला सूज आली तर हेच होतं, उचकी नि उलटी थांबत नाही, पोट मात्र चांगलं. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा एक आजार आहे, स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदूच्या पाण्याच्या दारांवर (एक्वापोरिन) हल्ला करते, बायकांत जास्त. यातली फसवी गोष्ट अशी की उचकी आपोआप थांबते, सगळे खूश होतात, आणि काही आठवड्यांनी एक डोळा जातो नाहीतर दोन्ही पाय लुळे पडतात. पूर्वी हे सगळं एमएस (मल्टिपल स्क्लेरॉसिस) या दुसऱ्या आजाराच्याच खात्यात जायचं, २००४ साली रक्तातली नेमकी अँटिबॉडी सापडली आणि तेव्हापासून साध्या रक्ताच्या तपासणीवर पकडता येतं.

पोट बघून झालंय तर आता न्यूरॉलॉजिस्टकडं जा, एमआरआय आणि एक्वापोरिन अँटिबॉडीची तपासणी विचारा. निघालंच तर स्टेरॉइडची सलाईन आणि पुढं हल्ले रोखणारी औषधं आहेत. नाही निघालं तर माझ्या नावानं आजीकडनं चार शिव्या खा.

प्रश्न: माझ्या मेहुण्याला पावसाळ्यात मण्यार चावला. रानातल्या खोपीत जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या मिटल्या, दवाखान्यात नेईपर्यंत श्वास बंद. व्हेंटिलेटरवर घातलं. बाहुल्या मोठ्या, टॉर्चला हलत नव्हत्या. पाहुण्यातला एकजण म्हणाला मेंदू मेलाय, अवयव द्यायचं बघा. पाचव्या दिवशी त्याची बोटं हलली, आज तो ऊस तोडतोय. मग ब्रेन डेड हा प्रकार खोटा म्हणायचा का? (शाहूवाडी)

दादा, मेहुणा वाचला याचा आनंद आहे, पण तो ब्रेन डेड नव्हताच, कुठल्या डॉक्टरनं तसं लिहून दिलेलं नव्हतं, पाहुण्यानं दिलं होतं.

मण्याराचं विष मेंदूला हात लावत नाही. नस जिथं स्नायूला जोडते ती टोकं ते निकामी करतं. मेंदू जागा, देठ जागा, पण त्यांचा हुकूम पोचवणारं टोकच तुटलेलं, म्हणून पापणी उघडत नाही, जीभ हलत नाही, छाती हलत नाही, बाहुलीसुद्धा नाही. बाहेरनं हुबेहूब देठ मेल्यासारखं दिसतं. मेहुण्याला विचारा, त्याला त्या दिवसांतलं कदाचित बरंच ऐकू आलेलं असेल, अशा पेशंटच्या उशाशी काय बोलायचं याचं भान ठेवा म्हणून मी नर्सना कायम सांगतो. ती टोकं परत उगवायला दिवस लागतात, तोवर व्हेंटिलेटर हेच औषध. सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, पण मण्याराच्या बाबतीत एकदा टोकं गेली की लस ती परत आणत नाही, म्हणून लवकर जायचं. मण्यार चावल्याची खूण पुष्कळदा दिसतच नाही, दुखत पण नाही, जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन उठला की साप धरूनच चालायचं.

आता खरा ब्रेन डेथ. आपल्याकडं १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात देठ मेला की माणूस मेला असं धरलंय, मोठा मेंदू नाही, देठ. कारण श्वासाचा आणि जागेपणाचा स्विच तिथं आहे. चार डॉक्टरांची टीम लागते, त्यात अवयव बसवणारा डॉक्टर चालत नाही. डोळ्याला कापूस लावून पापणी मिटते का, बाहुली आवळते का, कानात गार पाणी घातल्यावर डोळे हलतात का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, आणि शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून, ऑक्सिजन चालू ठेवून, रक्तात कार्बन डायऑक्साइड पुरेसा वाढल्यावरही एक तरी श्वास घेतो का. हे सगळं दोनदा, मध्ये किमान ६ तास. आणि हे सुरू करायच्याही आधी पहिली अट अशी की बेशुद्धीचं कारण माहीत पाहिजे आणि झोपेचं औषध, विष, सापाचं विष, अंग गार पडणं यातलं काही नाही याची खात्री पाहिजे. तुमचा मेहुणा त्या पहिल्याच अटीवर बाद होता.

'पण छाती हलते, हृदय चालू आहे' हे जे नातेवाईक म्हणतात त्यांच्यावर मी कधी चिडत नाही. छाती मशीन हलवतं. हृदयाला स्वतःची बॅटरी असते, ऑक्सिजन मिळतोय तोवर ते देठाशिवायही ठोके देतं. हात गरम लागतो. गरम हात धरून 'गेले' हे मान्य करणं सोपं नाही, कागदावर चार सह्या असल्या तरी.

प्रश्न: वडिलांचं सोडियम १०८ आलंय, डॉक्टर मुद्दाम हळू हळू चढवतायत. बिल वाढवायला का? (जयसिंगपूर)

नाही ओ. यावेळी डॉक्टरला देवमाणूस समजा. फार दिवस कमी असलेलं सोडियम भसकन वर नेलं तर पॉन्समधल्या वायरींचं आवरण सोलून निघतं, आणि ते लगेच दिसत नाही, सोडियम सुधारलं, माणूस बोलायला लागला, सगळे खूश, आणि दोन ते सहा दिवसांनी बोलणं-गिळणं-हातपाय सगळं जातं. १९५९ पासून हे माहीत आहे. म्हणून २४ तासांत ८ ते १० पॉइंटच्या वर जाऊ देत नाहीत, दारूची सवय किंवा खाणं-पिणं तुटलेलं असेल तर त्याहून कमी. घाई करू नका, आणि दुसरीकडं हलवायचा विचार पण करू नका.

प्रश्न: गाडीवर वारं लागून तोंड वाकडं झालंय, डोळा मिटत नाही. (राजारामपुरी)

वाऱ्याचा काही दोष नाही. कपाळाला आठ्या घालून बघा. अर्ध्या चेहऱ्याबरोबर कपाळही गेलं असेल तर बहुतेक चेहऱ्याची नस सुजलीय, तीन दिवसांच्या आत स्टेरॉइड सुरू झालं तर चांगला फायदा होतो, रात्री डोळ्यात मलम घालून पट्टी लावा. कपाळ चालतंय आणि फक्त तोंड वाकडं असेल तर मोठ्या मेंदूचा झटका समजून पळा. कपाळ गेलंय पण जोडीला एकाचे दोन दिसतायत किंवा दुसऱ्या बाजूचा हातपाय जड झालाय, तरी पळा, ते पॉन्स असू शकतं.

प्रश्न: बाबांना पॉन्सचा मोठा झटका येऊन महिना झाला. हात, पाय, मान, तोंड काही हलत नाही. डोळे उघडे असतात, वर-खाली फिरतात. नातेवाईक म्हणतात त्यांना काही कळत नाही. पण मी गेले की त्यांच्या डोळ्यात पाणी येतं. माझे भास आहेत का? (एक मुलगी, गडहिंग्लज)

भास नाहीत असं मला वाटतं, बाळ. पॉन्सच्या पुढच्या भागातनं हुकमाच्या सगळ्या वायरी खाली जातात. तो भाग गेला की माणूस गळ्यापासून नाही, डोळ्यांच्या खालपासून बंद होतो. पण जागेपणाची यंत्रणा मागच्या बाजूला आणि वर मिडब्रेनमध्ये असते, आणि डोळे वर-खाली करायचा कंट्रोल पण मिडब्रेनमध्ये, म्हणून तेवढं एक दार उघडं राहतं. आत माणूस पूर्ण असतो, ऐकतो, समजतो, कंटाळतो. प्लम आणि पोझनर या दोन डॉक्टरांनी १९६६ साली याला लॉक्ड-इन असं नाव दिलं, बाहेरनं कडी लागल्यासारखं. हे ओळखायला बऱ्याचदा डॉक्टरच्या आधी घरचं माणूस लागतं.

उद्या गेलीस की त्यांच्यासमोर बस आणि म्हण, बाबा, ऐकू येत असेल तर वर बघा. मग म्हण, खाली बघा. चार-पाच वेळा, मध्ये वेळ देऊन, ते ताजेतवाने असताना. बरोबर आलं तर ड्यूटीवरच्या डॉक्टरला बोलावून दाखव. मग वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही, एवढं पक्कं करा. सगळ्यांना सांगायचं की त्यांच्यासमोर खर्चाचं, वाटण्यांचं, 'आता काय राहिलंय' असलं काही बोलायचं नाही.

त्यानंतर अक्षरं. आपल्या वर्णमालेचा इथं इतका उपयोग होतो की काय सांगू. एका पुठ्ठ्यावर वर्ग लिहायचे, एक ओळ स्वरांची, मग क, च, ट, त, प, आणि शेवटी य पासूनची ओळ. तू नुसती ओळीची पहिली अक्षरं म्हणायची, क... च... ट..., त्यांनी वर बघितलं की ती ओळ धरायची आणि त्यातली अक्षरं एकेक म्हणायची. काना-मात्रा विचारत बसू नका, शब्द आपोआप लागतो. कॅमेऱ्यानं डोळा ओळखून बोलणारी यंत्रं पण आहेत आता, पण पुठ्ठ्यापासून सुरुवात करा, तो लाईट गेल्यावर पण चालतो. जोडीला छातीचा आणि गिळण्याचा व्यायाम, कूस बदलणं, डोळे कोरडे पडू न देणं, हे चालू ठेवायचं. किती परत येईल ते महिना दीड महिन्यात कुणी सांगू नये. काहींचं एक बोट येतं, मान येते, आणि त्या एका बोटावर पुढचं सगळं उभं राहतं.

असेच एक निवृत्त मास्तर माझ्याकडं होते. तिसऱ्या आठवड्यात पुठ्ठा केला. सगळं घर खाटेभोवती, मोठा मुलगा वही घेऊन, की बाबा आता काहीतरी सांगणार. पहिली ओळ 'प' ची धरली, त्यातलं पण पहिलंच अक्षर. मग 'क' ची ओळ, त्यातलं दुसरं. प, ख. कुणाला काही लागेना, मुलगा म्हणतो पखवाज? सूनबाईनं वर बघितलं आणि पटकन जाऊन पंखा बंद केला. तीन आठवडे तो फुल स्पीडवर त्यांच्या डोक्यावर चालू होता.